जुळ्यांचा संसार : काय दोन घ्यावे, काय एकावर भागवावे
प्रतिनिधी, छत्रपती संभाजीनगर

सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टर पडद्याकडे बघत क्षणभर थांबतात आणि मग 'दोन आहेत' असे सांगतात, तेव्हा आनंदाच्या पाठोपाठ घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो तयारीचा. एका बाळासाठी काय लागते हे आजीला, मावशीला, शेजारच्या काकूंना तोंडपाठ असते. दोघांसाठी काय लागते, याचे उत्तर मात्र 'सगळे दुप्पट' असे ठोकून दिले जाते. दुकानदारही तेच सांगतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. प्रत्यक्षात जुळ्यांच्या घरात काही वस्तू दोन पुरत नाहीत, चार लागतात. काही एकच पुरते. काही तर मुळीच आणू नयेत अशा असतात आणि नेमक्या त्याच सर्वांत महाग असतात.

जुळ्यांची संख्या जगभर वाढली आहे. २०२१ मध्ये 'ह्यूमन रिप्रॉडक्शन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार १९८० च्या दशकात दर हजार प्रसूतींमागे सुमारे नऊ प्रसूती जुळ्यांच्या होत असत. आता हे प्रमाण बाराच्या घरात आहे. उशिरा होणारे मातृत्व आणि वंध्यत्वावरील उपचार ही त्याची दोन मुख्य कारणे. आपल्या शहरातही जुळ्यांचे आई-वडील कोणाच्या ना कोणाच्या ओळखीत निघतातच. त्यांच्या अनुभवाचा बाजारातील खरेदीला मात्र क्वचितच उपयोग होतो. बाळे येतात ती गाठोडी बांधून ठेवण्याआधीच.

खरेदीचा मुहूर्त

आपल्याकडे बाळ जन्माला येण्यापूर्वी त्याच्यासाठी काही विकत आणू नये, असा अनेक घरांत दंडक आहे. एकट्या बाळाच्या बाबतीत तो निभावतो. जुळ्यांच्या बाबतीत त्याची मोठी अडचण होते. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच जन्मतात आणि त्यांपैकी पुष्कळांचे वजन अडीच किलोपेक्षा, म्हणजे कमी वजनाची जी मान्य व्याख्या आहे तिच्यापेक्षा, कमी असते. सातव्या-आठव्या महिन्यात अचानक रुग्णालय गाठावे लागले, तर बाबांची धावपळ रक्तपेढी, औषधांचे दुकान आणि नवजात अतिदक्षता कक्ष यांच्यातच संपते. अशा वेळी झबली कोण शोधणार?

श्रद्धा दुखवण्याचे कारण नाही. मार्ग साधा आहे. नवे काही आणू नये. पण घरातल्या जुन्या सुती साड्या, धोतरे, पंचे सहाव्या महिन्यातच धुऊन, उन्हात वाळवून, फाडून ठेवावेत. भावंडांची वापरलेली झबली मागून घ्यावीत. विकत घ्यायच्या वस्तूंची यादी कागदावर करून ती आई-वडिलांऐवजी मामा किंवा आत्या अशा एका माणसाच्या हाती द्यावी आणि रात्री फोन आला तरी काय आणायचे हे त्याला ठाऊक असावे.

यादीतील कपड्यांबाबत एक सूचना. दीड-दोन किलोच्या बाळाला दुकानातील 'झिरो साइज' झबलेही पिशवीसारखे लोंबते. म्हणून समोरून उघडणारी, बंदांची, शिवून घेतलेली साधी मलमलची झबलीच बरी. सलाईनची सुई हाताला असली तरी ती चढवता येतात. प्रत्येकी आठ-दहा झबली, पाच-सहा टोपडी, तेवढेच मोजे आणि दोघांत मिळून दोन डझन दुपटी ही सुरुवात पुरेशी आहे. बारशाला कपडे इतके येतात की त्यांतील निम्मे न घालताच लहान होतात.

सर्वांत स्वस्त साधन

कमी वजनाच्या बाळाचा पहिला शत्रू थंडी. आपल्या गावच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना हे वाक्य विचित्र वाटेल; पण पंखा, कूलर, ओले दुपटे यांमुळे इवल्या बाळाचे अंग उन्हाळ्यातही गार पडते. बाळाच्या शरीराचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस राहावे, असा वैद्यकीय निकष आहे. त्यासाठी काचेचा नव्हे, तर साधा डिजिटल थर्मामीटर घ्यावा. तो एकच पुरतो. जुळ्यांच्या घरात यापेक्षा उपयोगी वस्तू क्वचितच असेल.

ऊब देण्याचे साधन विकत घ्यावे लागत नाही. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे उबपेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा तेथील डॉक्टरांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असे बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारू पिलाला पोटाच्या पिशवीत ठेवते, त्यावरून तिला 'कांगारू मातृसेवा' म्हणतात. गरिबीतून निघालेला हा उपाय आता श्रीमंत देशांतही शास्त्रसंमत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये वेळेआधी किंवा कमी वजनाच्या जन्मलेल्या बाळांसाठी तो जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करावा आणि दिवसाचे किमान आठ तास, जमल्यास चोवीस तासांपर्यंत द्यावा, अशी शिफारस केली. आपल्याकडेही नवजात कक्षांत परिचारिका ही पद्धत शिकवतात.

जुळ्यांच्या बाबतीत येथे वडिलांचा प्रवेश होतो. एक बाळ आईच्या छातीशी, दुसरे बाबांच्या, नाहीतर आजीच्या. बाळांची प्रकृती स्थिर असेल आणि डॉक्टरांनी परवानगी दिली तर दोघांना एकत्रही आईजवळ ठेवता येते. लागते काय, तर पुढून उघडणारा सदरा आणि बांधायला रुंद सुती कापड. यासाठी तयार शिवलेली पिशवी बाजारात मिळते. घेतली तरी हरकत नाही, पण जुन्या सुती साडीचा पट्टा तेच काम करतो. बाळाचे नाक मोकळे, मान किंचित वर आणि तोंड आपल्याला दिसेल असे असावे, एवढे कटाक्षाने पाहावे.

याउलट बाळंतिणीच्या खोलीतील शेगडी, ओवा-बाळंतशोपाची धुरी आणि गरम पाण्याची रबरी पिशवी यांना या दोन पाहुण्यांपासून दूर ठेवावे. पूर्ण वाढ झालेल्या बाळालाही धूर चांगला नाही; वेळेआधी आलेल्या बाळाची फुप्फुसे तर आधीच नाजूक असतात. आजींशी या विषयावर वाद होतो. डॉक्टरांनीच आजींना सांगावे, सुनेने सांगू नये, हा अनुभवाचा सल्ला आहे.

पाळणा एक, पण झोपायच्या जागा दोन

बारशाला दोघांना एकाच सजवलेल्या पाळण्यात शेजारी शेजारी घालून छायाचित्र काढावे, जरूर काढावे. रोजच्या झोपेसाठी मात्र ही व्यवस्था नको. झोळी किंवा खोलगट पाळण्याचा तळ मधोमध खाली जातो. एक बाळ असले तर ते मध्ये राहते. दोन असली की दोघे त्याच खळग्यात एकमेकांवर कलंडतात आणि कोणाचे नाक कोणाच्या खांद्यात दबले आहे हे कळत नाही. बाळाने पाठीवर, टणक व सपाट पृष्ठभागावर, एकट्याने झोपावे आणि जुळ्यांनाही झोपण्यासाठी स्वतंत्र जागा असावी, अशी अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे.

याचा अर्थ दोन महागडे लाकडी पलंग घ्या असा नव्हे. आईच्या खाटेला लागून असलेली स्वच्छ जमीन, त्यावर दाट पण टणक गादी, वर मेणकापड आणि घट्ट बसवलेली चादर. अशा दोन गाद्या शेजारी, पण अंतर ठेवून. प्रत्येकीवर छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी. ती दोन घ्याव्यात. पावसाळ्यात डेंगीची साथ आली की तिची किंमत कळते. पाठीखाली-डोक्याखाली काही नको: डोके गोल व्हावे म्हणून करतात ती राईची उशीही नको, बाजूचे लोड नकोत, जड गोधडी नको. गोधडी अंथरावी, पांघरू नये.

तिरप्या झोपाळ्यासारखी जी आयात आसने ऑनलाइन दिसतात, त्यांच्याबाबत विशेष सावध राहावे. डोके वर व पाय खाली अशा तिरप्या स्थितीत बाळाची मान पुढे पडून श्वास कोंडू शकतो. अमेरिकेत एका मोठ्या कंपनीला असे लाखो झोपाळे २०१९ मध्ये बाजारातून परत घ्यावे लागले आणि २०२२ मध्ये तेथील संसदेने या प्रकारच्या वस्तूंच्या विक्रीवरच बंदी घालणारा कायदा केला. आई दुसऱ्याला पाजत असताना पहिल्याला ठेवायला काहीतरी हवे, म्हणून जुळ्यांचे पालक नेमके या आसनांकडे वळतात. जमिनीवरची सतरंजी हे त्याला अधिक सुरक्षित उत्तर आहे. तिच्यावरून बाळ पडत नाही.

दूध : लोड, वाटी आणि घड्याळ

दोघांना पुरेल एवढे दूध आईला येईल का, ही शंका पहिल्याच दिवशी कोणीतरी बोलून दाखवते. मागणी वाढली की दूध वाढते, हा शरीराचा नियम आहे आणि बहुतेक आयांना दोघांपुरते दूध येऊ शकते. अडचण येते ती वेळेची व हातांची. दोन-तीन तासांनी प्रत्येक बाळ प्यायचे म्हटले आणि एकेकाला अर्धा-पाऊण तास दिला, तर आईच्या दिवसात दुसरे काही उरतच नाही. म्हणून दोघांना एकाच वेळी पाजण्याची सवय लावतात. त्यासाठी कंबरेभोवती बसणारी अर्धगोल रुंद उशी मिळते. ती खरोखर उपयोगाची आहे, पण घरातले दोन टणक लोड व एक तक्क्या नीट रचला तर तीच उंची साधते. बाळांची शरीरे आईच्या काखेखालून मागच्या बाजूला जातात आणि डोकी पुढे येतात. ही पद्धत रुग्णालयातून निघण्यापूर्वी परिचारिकेकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी, वाचून जमत नाही. पाजण्याची उशी पाजण्यापुरतीच वापरावी. तिच्यावर बाळाला झोपवून उठून जाऊ नये.

बाळे ओढून पिण्याएवढी सशक्त नसतील, तर दूध काढून पाजावे लागते. हाताने काढता येते. पण दोघांसाठी दिवसातून आठ वेळा काढायचे असेल तर पंपाचा खर्च सार्थकी लागतो. पाजताना बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. आपल्याकडचे जुने चोच असलेले बोंडलेही त्याच जातीचे. चांदीचे असो वा स्टीलचे, त्याची चोच आतून घासता येत असेल आणि उकळता येत असेल तरच वापरावे. दोन वाट्या, दोन चमचे पुरत नाहीत. सहा-सहा ठेवावेत, म्हणजे रात्री भांडी उकळायची वेळ येत नाही. विजेवरचे निर्जंतुकीकरण यंत्र आकर्षक दिसते. मोठे झाकणाचे पातेले आणि दहा मिनिटांची उकळी यांनी ते काम होते आणि वीज गेली तरी थांबत नाही.

काढलेले दूध खोलीच्या तापमानात सुमारे चार तास टिकते, असे म्हणतात ते २५ अंशांपर्यंतच्या खोलीबद्दल. आपल्या एप्रिल-मेच्या दुपारी तो हिशेब लागू नाही. लगेच शीतकपाटात ठेवावे आणि डब्यावर वेळ लिहावी.

दुधाच्या बाटल्या आणि भुकटी यांच्या जाहिराती आपल्याला दिसत नाहीत, कारण १९९२ च्या कायद्याने आणि त्यातील २००३ च्या दुरुस्तीने त्यांवर बंदी घातली आहे. फुकट नमुने वाटणे, रुग्णालयातून प्रचार करणे हेही त्यात येते. बाटली घ्यावीच लागली तर तिच्यावर आयएसआय चिन्ह असणे कायद्यानेच आवश्यक आहे. भुकटी देण्याचा निर्णय डॉक्टरांचा असावा आणि तिचे प्रमाण डब्यावरचेच असावे. दोघांना पुरवायचे म्हणून पाणी वाढवणे घातक ठरते. बाटलीला उशीचा टेकू देऊन बाळाच्या तोंडात ठेवण्याची युक्ती जुळ्यांच्या घरांत हमखास सुचते. ती कधीही करू नये. दूध श्वासनलिकेत जाऊ शकते.

लंगोट की डायपर : प्रश्न पाण्याचा

देशभरच्या पुस्तकांत हा प्रश्न आरोग्याचा किंवा पर्यावरणाचा म्हणून चर्चिला जातो. छत्रपती संभाजीनगरात तो आधी नळाचा आहे. जायकवाडी धरण भरलेले असले तरी शहरातील अनेक वसाहतींनी वर्षानुवर्षे चार, सहा, कधी आठ-आठ दिवसांआड पाणी घेतले आहे. या प्रश्नावर २०२२ मध्ये येथे जलआक्रोश मोर्चाही निघाला होता. ज्या घरात पाण्याचा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवतात, तेथे जुळ्यांच्या लंगोटांचे गणित मांडूनच निर्णय घ्यावा लागतो.

गणित असे. तान्हे बाळ दिवसाला बारा ते पंधरा लंगोट ओले करते; दोघांचे मिळून पंचवीस-तीस. ते धुऊन दोनदा खळबळायला तीन-चार बादल्या, म्हणजे पन्नास-साठ लिटर पाणी. पाणी पाच दिवसांआड येत असेल तर केवळ लंगोटांसाठी तीनशे लिटर, म्हणजे दोनशे लिटरचे दीड पिंप, वेगळे राखावे लागते. दुपटी, चादरी यांचे आणखी वेगळे. ज्यांची टाकी मोठी आहे किंवा बोअर आहे त्यांना हे जमते. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्यांना जमत नाही आणि टँकर मागवला की कापडी लंगोट फुकट पडतात हा समजही गळून पडतो.

आता दुसरी बाजू. डायपर दिवसाला प्रत्येकी आठ-दहा, म्हणजे महिन्याला पाचशे ते सहाशे. एकाची किंमत दहा रुपये धरली तरी महिना पाच-सहा हजार रुपये. शिवाय आपल्या उन्हाळ्यात दिवसभर डायपर बांधलेल्या बाळाला पुरळ उठतेच. आणि हे सहाशे डायपर जातात कोठे? फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहर आठवडेच्या आठवडे कचऱ्याखाली राहिले, ते दिवस ज्यांना आठवतात त्यांना या प्रश्नाचे महत्त्व सांगावे लागणार नाही. कुजणारा कचरा निदान मातीत मिसळतो; डायपरमधील प्लॅस्टिक व शोषक रसायन राहतेच. वापरलेले डायपर घट्ट गुंडाळून वेगळे द्यावेत, असे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच सांगितले. मैला आधी शौचालयात टाकावा, डायपर कागदात गुंडाळून त्यावर खूण करावी आणि घंटागाडीवाल्याच्या हाती स्वतंत्र द्यावा. वाचून झालेले वर्तमानपत्र या कामी येते, याचे आम्हाला वैषम्य नाही.

बहुतेक घरे शेवटी जो मध्यममार्ग काढतात तो शहाणपणाचा आहे. दिवसा लंगोट, रात्री व बाहेर जाताना डायपर. पाण्याच्या आदल्या दिवशी, पिंप तळाला गेलेले असताना, दिवसाही डायपर. यासाठी लंगोट पाच-सहा डझन हवेत. कारण पावसाळ्यात ते दोन-दोन दिवस वाळत नाहीत. ते विकत आणू नयेत, जुन्या मऊ सुती कापडाचे घरीच करावेत. डायपरचा एकदम मोठा साठा करू नये, कारण जुळ्यांची वाढ सारखी होत नाही. एकाला छोटा माप बसतो तेव्हा दुसऱ्याला मोठा लागतो आणि सवलतीत घेतलेला खोका तसाच राहतो. सुटे पुडे घ्यावेत. खळबळलेले शेवटचे पाणी शौचालयात वापरावे. दुकानात मिळणारी पुन्हा वापरण्याजोगी जाड कापडी डायपरे चांगली असली, तरी त्यांचे अस्तर धुवायला पाणी अधिक लागते. आठ दिवसांआड पाणी येणाऱ्या वसाहतीत ती घेण्याआधी विचार करावा. लंगोटावर चढवायची प्लॅस्टिकची चड्डी मात्र मुळीच नको. खाली मेणकापड असले की पुरे.

दोन बाळे, एक स्कूटर

जुळ्यांसाठीची बाबागाडी ही सर्वांत हौसेची व सर्वांत फसवी खरेदी. ती दोन प्रकारची असते. एकीत आसने शेजारी शेजारी, दुसरीत एकामागे एक. शेजारच्या आसनांची गाडी पाऊण मीटरच्या आसपास रुंद असते. आपल्याकडे घराच्या आतील दारे अडीच ते तीन फुटांची, न्हाणीघराचे त्याहून अरुंद आणि अनेक इमारतींच्या लिफ्टचे दार त्याच मापाचे. सिडकोच्या 'एन' वसाहतींतील जुन्या घरांची फाटके तर आणखी वेगळी. म्हणून दुकानात जाण्याआधी टेपने घराचे मुख्य दार, लिफ्ट आणि मोटारीची डिकी मोजावी. मागे-पुढे आसनांची गाडी दारातून जाते, पण लांब व जड असते आणि मागच्या बाळाला पुढच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही. दोन्ही प्रकारांत पहिले पाच-सहा महिने आसन पूर्ण सपाट होणे आवश्यक आहे. मान न धरलेल्या बाळाला बसते आसन नको.

मग ही गाडी चालवायची कोठे? पदपथ असले तर त्यांवर दुचाक्या उभ्या असतात. सिद्धार्थ उद्यान किंवा गृहसंकुलाचे आवार, एवढ्यापुरतीच तिची धाव. त्यासाठी नवी गाडी घेण्यापेक्षा ओळखीतून किंवा जुन्या वस्तूंच्या बाजारातून घ्यावी. मात्र ब्रेक, पट्टे आणि घडी घालण्याची कळ तपासून. आमच्या पाहण्यातील बहुतेक जुळ्यांच्या गाड्या दीड वर्षानंतर जिन्याखाली भाजीच्या पिशव्या सांभाळत उभ्या असतात.

त्याऐवजी दोन साध्या कापडी झोळ्या अंगावर बांधायला घ्याव्यात. एक आईला, एक बाबांना. ऊसतोडीला जाणाऱ्या आणि तांड्यावरच्या आया मूल पाठीशी बांधूनच काम करत आल्या आहेत, ही विद्या आपल्याला नवी नाही. नव्या धर्तीची झोळी घेताना बाळाचे गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर राहतील आणि हनुवटी छातीवर दाबली जाणार नाही, एवढे पाहावे.

प्रवासाबाबत कायदा काय म्हणतो ते अनेकांना ठाऊक नसते. २०१९ मध्ये दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-बनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालासनाविना मोटारीत नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. तान्ह्यासाठी मागे तोंड असलेले बालासन, मागच्या बाकावर. एअरबॅग असलेल्या पुढच्या आसनावर कधीही नाही. ही वस्तू मात्र दोनच लागतात आणि येथे काटकसर करू नये. अपघातात सापडलेले किंवा इतिहास माहीत नसलेले जुने बालासनही घेऊ नये. छोट्या मोटारीत दोन बालासने बसली की मध्ये माणूस मावत नाही, हे आधीच करून पाहावे. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला आसनात बसवल्यावर त्याचा श्वास सुरळीत राहतो का, हे डॉक्टरांना विचारावे आणि मुंबई-पुण्याच्या प्रवासात दर तासा-दीड तासाने बाहेर काढावे.

दुचाकीचे काय? २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या आणि फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना सुरक्षा पट्टा आणि नऊ महिन्यांवरील मुलाला शिरस्त्राण आवश्यक आहे. वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. बाबा चालवणार, आई मागे, तिच्या दोन मांड्यांवर दोन बाळे, हे दृश्य जालना रोडवर दिसते. लसीकरणाला जायचे असेल तर रिक्षा करावी.

खेळणी, वॉकर आणि पांगुळगाडा

बाळाला मध्ये बसवून चाकांवर फिरवणारा वॉकर दोघांसाठी दोन असे भेट म्हणून येतात. नम्रपणे परत करावेत. जिन्यावरून कोसळण्याच्या अपघातांमुळे कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर पूर्ण बंदी घातली आणि त्यामुळे चालणे लवकर येते असेही नाही. आपला लाकडी पांगुळगाडा मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून ढकलते, म्हणून तो चालतो. तो एकच घ्यावा. भांडणे होतील, ती तशीही होतात. खेळण्यांवर जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, तेवढे पाहून घ्यावे.

एक वही, दोन रंग

ज्या वस्तूची जाहिरात कोणी करत नाही, ती म्हणजे दोनशे पानी वही. पहाटे तीन वाजता कोणाला पाजले, कोणाचा लंगोट बदलला, ड जीवनसत्त्वाचे थेंब कोणाला दिले, हे झोपेत असलेल्या आई-वडिलांना आठवत नाही. एकाला दोनदा औषध आणि दुसऱ्याला शून्य, हा जुळ्यांच्या घरातील खरा धोका आहे. वहीच्या मधोमध रेघ मारून डावीकडे एक, उजवीकडे दुसरे असे लिहावे. दिसायला सारख्या बाळांच्या औषधांच्या बाटल्यांना, थेंबनळ्यांना, टोपड्यांना रंग ठरवून द्यावेत. एकाच्या पायाच्या अंगठ्याला नेलपॉलिशचा ठिपका लावणे ही जुनी युक्ती आहे आणि ती उत्तम चालते. काळा दोरा मनगटाला घट्ट बसू शकतो, गळ्यात तर बांधूच नये.

या वहीच्या पहिल्या पानावर एक तारीख लाल शाईने लिहावी. ३४ आठवड्यांआधी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मापासून चार आठवड्यांच्या आत व्हावी लागते. त्या पडद्यावरचा आजार बाहेरून दिसत नाही, वेळेत सापडला तर उपचार होतात आणि उशीर झाला तर दृष्टी जाते. दोघांपैकी एकाला घरी सोडलेले असते, दुसरे अजून कक्षात असते. धावपळीत घरी आलेल्याची तपासणी राहून जाते. श्रवणाची तपासणीही दोघांची स्वतंत्र करून घ्यावी.

रुग्णालयातून निघताना माता-बाल संरक्षण कार्डावरील लसींच्या नोंदी दोघांच्या वेगवेगळ्या आहेत ना, हे तेथेच उभे राहून पाहावे. जन्मनोंदीही दोन होतात. नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते. नाव ठरले नसेल तर ते नंतर, वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येते. दोघांच्या जन्मवेळेत काही मिनिटांचेच अंतर असते. रात्री बाराच्या आसपास प्रसूती झाली तर तारखाही वेगळ्या येतात. पहिले कोण आणि दुसरे कोण, हे वजनासह त्याच वहीत त्याच दिवशी लिहून ठेवावे. प्रमाणपत्रावरील चूक महापालिकेत दुरुस्त करून घ्यायला जावे लागते, तेव्हा दोन्ही बाळे घरी कोणाजवळ ठेवायची हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.